सोबरचा दुसरा अर्थ

"मत्सर हा शब्द आपल्या कोशातच नाही!"

हे वाक्य भडकशेठ दिवसातून दोनदा तरी म्हणत. एकदा समोरच्या काउंटरवरच्या सुटिंगवाल्याचा खप जास्त झाला की, आणि दुसऱ्यांदा घरी जाताना, तो खप आठवला की.

भडकशेठ हे त्यांचं खरं नाव नव्हे आणि ते शेठ तर मुळीच नव्हते. कापडाच्या एका मोठ्या दुकानात ते शर्टिंगच्या काउंटरवर नोकरीला होते. नाव पडलं ते शर्टांवरून. ज्या ताग्याला वर्षभर कुठलंही गिऱ्हाईक शिवत नसे, त्याचा उरलेला तुकडा भडकशेठ हौसेने घेत आणि शर्ट शिवत. पोपटी रंगावर जांभळे घोडे! केशरीवर निळ्या छत्र्या! "हे कोपऱ्यावर वळले की मला गच्चीवरून कळतं," असं त्यांची बायको म्हणायची. आणि गंमत बघा, हाच माणूस दिवसभर काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकाला सांगायचा, "साहेब, हा बघा. फिका राखाडी. एकदम सोबर!"

सोबर हा शब्द त्यांच्या पोटापाण्याचा होता. तोच एक दिवस पोटात शूळ बनून उठेल, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

त्यांची बायको घरी केक करून विकायची. सगळी इमारत तिला केकवहिनी म्हणे, आपणही वहिनीच म्हणू. केक पोचवायचे ते स्कूटरवरून. पुढे भडकशेठ, मागे वहिनी, वहिनींच्या मांडीवर खोका. "अहो खड्डा! अहो डावीकडे! अहो कुत्रं!" असा कानाशी अखंड जप. भडकशेठना तो जप फार आवडायचा. घरात दोघांना बोलायला फुरसत मिळत नसे, तेवढा स्कूटरवरचा वेळ त्यांचा स्वतःचा होता. पण एकदा कुणाच्या लग्नाचा तीन मजली केक निघाला तो दोन मजली पोचला. तिसरा मजला भडकशेठच्या पाठीवर उतरला होता! शर्टावर आधीच इतकी फुलं होती की त्यात क्रीमची फुलं त्यांच्या लक्षातही आली नाहीत. वहिनींनी मात्र त्या दिवशी ठरवलं. साठवलेल्या कमाईतून एक जुनी व्हॅन घेतली आणि मोटार शिकायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

"आता तुमची पाठ मोकळी!" वहिनी म्हणाल्या.

भडकशेठ हसले. पण ती मोकळी पाठ त्यांना काही सुखाची वाटली नाही.

शिकवणी सुरू झाली. आठवडाभराने वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून क्रीमचे गुलाब काढत होत्या आणि भडकशेठ जेवत होते. त्यांनी सहज विचारलं, "कसे आहेत तुझे सर?"

"अहो, इतके सोबर आहेत ना!"

भडकशेठचा घास हातातच राहिला. "सोबर म्हणजे?"

"म्हणजे सोबर हो! एक शब्द जास्तीचा नाही. आवाज चढवत नाहीत. नेहमी राखाडी शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. आणि तासभर शेजारी बसतात, पण तोंडाला कसला म्हणून वास नाही!"

वास! भडकशेठच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे वास आला की नाही हे कळण्याइतक्या अंतरावर हा माणूस बसतो! मोटार लहान असते, सरांना डिकीत बसवून शिकवता येत नाही, हा साधा विचार त्यांच्या डोक्यात शिरला नाही. तिथे आता दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय?"

"मी सोबर नाही?"

वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी लिंबाच्या रंगावर लाल खेकडे होते. वहिनींच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"तुम्ही ना, जेवा गपचूप."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बायकोने आपल्याला एकदाही सोबर म्हटलं नाही! ज्या शब्दावर आपण हजारो मीटर कापड विकलं, तो शब्द तिने एका परक्या माणसाला फुकट देऊन टाकला! भडकशेठना तो शब्द हवा होता. मिळत नसेल तर निदान त्या माणसाकडून काढून घ्यायचा होता.

शब्दाचा विषय निघाला की अख्ख्या इमारतीत जायचं ठिकाण एकच, पहिल्या मजल्यावरचे स्पेलिंगआजोबा. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की छत्रीच्या टोकाने दाखवून मालकाला बाहेर बोलवायचे. भडकशेठ गेले तेव्हा आजोबा खुर्चीत शब्दकोश मांडीवर घेऊन, नातू खेळवावा तसे बसले होते.

"आजोबा, सोबर म्हणजे काय?"

"आधी उच्चार!" आजोबा ताठ झाले. "उच्चार चुकला तर अर्थ दारातूनच परत जातो. म्हण बघू."

"सोबर."

"चूक! हा तू कापडाचा तागा आपटलास. ओठ गोल कर, मेणबत्ती विझवल्यासारखे. सोउ... सोउबऽ. शेवटचा 'र' खायचा."

"खायचा?"

"साहेब खातो. आपण कशाला उपाशी राहायचं?"

भडकशेठनी चार-पाच वेळा र खाऊन पाहिला. प्रत्येक वेळी तो शेवटी बाहेर येतच होता. शेवटी आजोबा कंटाळून पुढे सरकले.

"आता व्युत्पत्ती. मूळ शब्द लॅटिन, सोब्रिउस. त्यातला 'एब्रिउस' म्हणजे झिंगलेला, आणि पुढचा 'सो' म्हणजे विना. लॅटिनमधून तो गेला फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून तुझ्या काउंटरवर. अर्थ पहिला, न प्यालेला. दारूच्या अमलाखाली नसलेला."

भडकशेठ ताडकन उठले.

"अरे बस! अर्थ दुसरा..."

"पहिलाच पुरे!"

"अरे, शब्द असा अर्ध्यावर सोडून जाऊ नये! अर्धा शब्द अंगावर येतो!"

पण भडकशेठ जिन्यात पोचले होते, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांना नवा प्रकाश दिसत होता. न प्यालेला! हे विशेषण लावतात कुणाला? आपण खांबाला न प्यालेला म्हणतो का? दूधवाल्याला म्हणतो? विहीर कोरडी आहे असं म्हणतो, कारण विहिरीत पाणी असायला हवं! म्हणजे हा माणूस प्यालेला असायला हवा होता, आणि नव्हता, म्हणून तर वहिनींना नवल वाटलं! आणि तोंडाला वास नाही, असं ती म्हणाली. वास येणं हा नियम असेल, तेव्हाच न येण्याची बातमी होते ना? सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ असतात. भडकशेठनी तर सूतही स्वतःच कातलं.

रात्री त्यांनी वहिनींना हळूच डिवचलं. "तो शब्द सोबर नाही बरं का. सोउबऽ असा आहे."

"काय?"

"सोउबऽ!"

वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "घसा बसलाय का तुमचा? मघापासून बोलताना तोंड कसंतरीच करताय. गुळण्या करा."

दुखणं नसलेल्या घशावर बायकोने औषध सांगितलं, तेही काळजीने! भडकशेठ दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानातून गुळण्यांची सगळ्यात जहाल बाटली घेऊन आले. निळीशार. तोंडात घेतली की कानातून वाफ निघावी! पण तोंडाला वास म्हणून राहत नसे. सरांच्या तोंडाला वास नाही काय? आता आमच्याही नाही! ते सकाळ-संध्याकाळ गुळण्या करू लागले, आणि छोटी बाटली खिशात ठेवून दुकानातही.

पण वहिनींनी त्यांच्या तोंडाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग मात्र भडकशेठनी उचलली जीभ लावली टाळ्याला. दाढी करायला गेले असताना, चेहऱ्यावर साबण, गळ्यावर वस्तरा, अशा अवस्थेत सलूनवाल्याच्या कानात ते पुटपुटले, "ते ड्रायव्हिंगचे क्लचसर आहेत ना? सोबर आहेत म्हणे."

"म्हणजे?"

"म्हणजे... पीत नाहीत."

वस्तरा थांबला. "आधी प्यायचे?"

"मी काही बोललो का?" भडकशेठ म्हणाले. हे वाक्य ज्याने म्हटलं त्याने सगळंच म्हटलं, हे सलूनवाल्याला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी इस्त्रीवाल्याला कळलं, सरांनी दारू सोडली. संध्याकाळी किराणावाल्याला कळलं, सरांनी रोजची पूर्ण बाटली सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी भडकशेठना त्यांच्याच दुकानात सुटिंगवाल्याने सांगितलं की सर एकेकाळी गटारात पडलेले असत, आणि तिथून उठून त्यांनी स्टिअरिंग धरलं!

भडकशेठनी हात चोळले. आता बघू, कोण कुणाला सोबर म्हणतं!

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. लोकांचं मन कसं असतं बघा. जन्मात थेंबही न घेतलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. सोडलेल्या माणसाची मात्र सगळ्यांना भक्ती! सर रस्त्याने निघाले की लोक पुढे होऊन त्यांचा हात हातात घेऊ लागले. म्हातारी माणसं पाठ थोपटू लागली. सरांना कशाचाच पत्ता नव्हता. ते मुळात अबोल. नाव क्लचसर पडलं ते उगीच नाही, दिवसभर त्यांच्या तोंडून 'क्लच', 'आरसा' आणि 'हळू' याखेरीज चौथा शब्द निघत नसे. आपली शिकवणी गावात एकाएकी लोकप्रिय झाली, एवढाच त्यांनी अर्थ घेतला.

एक दिवस सलूनवाल्याला राहवलं नाही. दाढीला आलेल्या सरांना त्याने वस्तरा बाजूला ठेवून विचारलं, "सर, एक विचारू? सोडायचं कसं हो?"

आपल्या विषयावरचा प्रश्न! सर प्रथमच खुलले.

"हळूहळू," ते म्हणाले. "एकदम सोडलं की झटका बसतो. सगळं तिथल्या तिथे बंद पडतं. थोडं थोडं सोडायचं, आणि पुढे बघत राहायचं. मागचं फक्त आरशात."

 बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने डोळे पुसले. ते वाक्य संध्याकाळपर्यंत सलूनच्या आरशावर साबणाने लिहिलेलं होतं.

आणि रात्री वहिनी घरी आल्या त्या भारावूनच. "अहो, ऐकलंत का? सरांनी म्हणे केवढ्या व्यसनावर मात केली! आणि कधी अवाक्षर नाही बोलले. मला आधी नुसते सोबर वाटायचे. आता तर, काय सांगू, देवमाणूस हो!"

भडकशेठना झोप आली नाही. सोबरचा देवमाणूस झाला, आणि बढती दिली कुणी? आपण स्वतः! नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय, ते त्यांना त्या रात्री कळलं. आता एकच उपाय उरला होता. सरांनी सोडलेली नाही, ते लपूनछपून घेतात, हे सिद्ध करणं!

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून वेळ काढून ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात गेले. सर बॉनेट उघडून तेल बघत होते. भडकशेठ मागून गेले आणि नाक पुढे करून अगदी त्यांच्या गालाजवळ उभे राहिले.

सर दचकून वळले. "शिकायचंय?"

"नाही. म्हणजे हो. सर, जरा 'हा' म्हणा."

"का?"

"'का' नको, 'हा' म्हणा."

सर मागे सरकले. पण तेवढ्यात भडकशेठच्या नाकाला हवा तो पुरावा मिळाला होता. पेपरमिंट! सरांच्या तोंडाला आज पेपरमिंटचा वास येत होता. ते कोण खातं? ज्याला वास लपवायचा असतो तोच! खिशात निळी बाटली घेऊन फिरणाऱ्या माणसाने हा निष्कर्ष काढला, हे इथे नमूद केलेलं बरं.

उजाडला तो वहिनींच्या परीक्षेचा दिवस. लायसन्सच्या ऑफिसमागचं मोठं मैदान, चुन्याने आखलेला इंग्रजी आठचा आकडा, कडेला प्लास्टिकचे केशरी शंकू. वहिनी आपली व्हॅन घेऊन सरांबरोबर आल्या होत्या. मागच्या सीटवर केकचा खोका होता, परीक्षा झाली की तसंच पोचवायला जायचं होतं. रांगेत वीसेक उमेदवार, आणि त्यांचे वीसेक नातेवाईक सूचना द्यायला.

भडकशेठ स्कूटरवरून आले. त्या दिवशी खास शर्ट होता, केशरीवर हिरवे पोपट. फाटकाशी स्कूटर लावली, खिशातली निळी बाटली काढली, दोन जोरदार गुळण्या केल्या, तोंड पुसलं आणि ते तडक परीक्षकांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, तक्रार आहे. हे राखाडी शर्टवाले सर पिऊन शिकवतात!"

परीक्षकांनी चष्मा वर केला. माणूस साधा नव्हता. वर्षानुवर्षं लोक त्याच्या डोळ्यांदेखत शंकू चिरडत आले होते, त्यामुळे त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. त्याने ड्रॉवर उघडला आणि फुंकर मारायचं यंत्र काढलं.

"बोलवा सरांना. फुंका."

सर मुकाट्याने आले. फुंकले. यंत्रावर शून्य.

रांगेतून टाळ्या पडल्या! कीर्ती इथवर येऊन पोचली होती. भडकशेठचं डोकं सणकलं.

"यंत्र बिघडलंय!"

"बिघडलंय?" परीक्षकांनी शांतपणे नवी नळी लावली. "बघू या. तुम्ही फुंका."

"मी? मी कशाला?"

"तुम्ही पीत नाही ना? मग तुमचंही शून्य येईल. एकाचं शून्य बघून विश्वास बसत नसेल, तर दोघांचं बघा."

भडकशेठनी छाती भरून श्वास घेतला. सगळ्या मैदानाच्या साक्षीने ते फुंकले.

यंत्र किंचाळलं!

नुसतं किंचाळलं नाही, लाल दिवा लागला आणि आकडा चढत गेला. परीक्षकांना प्रथमच आश्चर्य वाटलं. "अहो, एवढी घेऊन तुम्ही उभे कसे आहात?"

"साहेब, गुळण्या! गुळण्या केल्यात मी!"

"दारूच्या?"

"घशाच्या! म्हणजे घसा चांगला आहे. मला सोउबऽ म्हणायचं होतं!"

"जीभही जड झालीय," परीक्षक बाजूच्या कारकुनाला म्हणाले. "आलात कशावरून?"

"स्कूटरवरून."

"चावी द्या."

इतक्यात टाळ्यांचा आणखी एक कडकडाट झाला. तिकडे दुसऱ्या परीक्षकांपुढे वहिनी आठचा आकडा पुरा करून, एकाही शंकूला न शिवता, बाहेर पडल्या होत्या. पास! हसत हसत उतरून त्या आल्या, आणि बघतात तर काय, गर्दीच्या मधोमध केशरी शर्टातला आपला नवरा, समोर किंचाळणारं यंत्र आणि साहेबाच्या हातात आपल्या स्कूटरची चावी!

"काय झालं?"

"बाई, हे तुमचे कोण?"

"मिस्टर."

"प्यायले आहेत."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्या भडकशेठच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन एकदा वास घेतला, आणि गर्रकन वळून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अहो साहेब, शपथ घेऊन सांगते, आमचे हे सोबर आहेत!"

भडकशेठच्या कानात जणू सनई वाजली. म्हणाली! शेवटी म्हणाली! तेही चारचौघांत! त्यांचे डोळे पाणावले.

परीक्षकांनी एकवार त्या शर्टाकडे पाहिलं. हिरव्या पोपटांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"हे? सोबर?"

अख्खं मैदान हसलं. क्लचसरसुद्धा हसले, जन्मात पहिल्यांदाच असावं.

वहिनींनी नवऱ्याच्या खिशातून निळी बाटली ओढून काढली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर साहेबांना वाचून दाखवलं. तिच्यात अल्कोहोल होतं, तेही चांगलं भरपूर. साहेबांनी भडकशेठना बाकावर बसवून तोंड पाण्याने खळखळून धुवायला लावलं, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं, आणि आता शून्य आलं. या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. चावी परत देताना मात्र ते म्हणाले, "आज चालवू नका. तुमचं मन ठिकाणावर दिसत नाही."

तेव्हा स्कूटर तिथेच राहिली आणि भडकशेठ व्हॅनमध्ये मागे बसले. वहिनींनी तो खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. "नीट धरा. तीन मजली आहे." पुढे वहिनी, शेजारी सर.  मग सरांनी हळूच मागे वळून, फार मायेने म्हटलं, "एकदम सोडू नका. हळूहळू."

भडकशेठनी खोक्याकडे बघत मान हलवली.

सर आपल्या स्कूलपाशी उतरले. व्हॅन पुढे निघाली. भडकशेठ मागूनच म्हणाले, "अहो, खड्डा."

"दिसतोय."

"डावीकडे कुत्रं."

"दिसतंय हो." मग आरशात बघत वहिनी म्हणाल्या, "सरांची ती कंडी तुम्हीच पिकवलीत ना?"

"मी? छे! मी फक्त..."

"ऐका. केक जळायला लागला की मला तीन खोल्यांपलीकडून वास येतो. नवरा महिनाभर शेजारी बसून जळतोय, ते मला कळणार नाही?"

भडकशेठनी मान खाली घातली. पोपटांनी मात्र वर पाहिलं.

"तू त्याला सोबर म्हणालीस," शेवटी ते लहान तोंड करून म्हणाले. "मला कधी म्हणाली नाहीस."

"अहो, मोटार शिकवायला सोबर माणूस हवा! संसाराला कशाला? तासभर त्यांच्या शेजारी बसलं की मला जांभया आवरत नाहीत. क्लच, आरसा, हळू! संध्याकाळी गच्चीतून तुमचा शर्ट कोपऱ्यावर दिसला की मग कुठे जाग येते मला." वहिनींनी गिअर बदलला. "उद्या सरांकडे जायचं, सगळं सांगायचं आणि माफी मागायची. कळलं?"

"कळलं."

"आणि केक सरळ धरा. तिरका होतोय."

भडकशेठनी केक असा धरला, जणू तो खोका नसून मुकुट असावा. पाठ मोकळी होती, पण मांडी भरलेली होती, आणि तेवढ्याने त्यांचं भागलं.

पण घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. इमारतीखाली सलूनवाला वाट बघत उभाच. त्याने भडकशेठचा हात दोन्ही हातांत घेतला. "शेठ, लाजायचं नाही. सरांना जमलं, तुम्हालाही जमेल." इस्त्रीवाल्याने पाठ थोपटली. किराणावाल्याने काळजीने विचारलं, "रोजची किती होती हो?" आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून स्पेलिंगआजोबांनी छत्रीचं टोक बाहेर काढलं.

"तरी सांगत होतो, दुसरा अर्थ ऐकून जा! सोबर, अर्थ दुसरा, शांत, संयमी. आणि कपड्यांच्या बाबतीत, भडक नसलेला!"

"म्हणजे मी दोन्ही अर्थांनी गेलो की!" भडकशेठ कळवळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांची माफी मागितली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि "हळू" एवढंच म्हणाले. मग भडकशेठनी घरोघर जाऊन खरा प्रकार सांगायला सुरुवात केली. पण 'मी पीत नाही' असं दारोदार सांगत फिरणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवलाय का?

शेवटी ते काम वहिनींनीच अंगावर घेतलं. आता त्या व्हॅनमधून केक पोचवायला जातात तेव्हा खोका धरायला भडकशेठ बरोबर असतात. दार उघडलं, समोरच्याची नजर भडकशेठवर गेली, की वहिनी केकच्या आधी तेच सांगतात, "घाबरू नका हं, आमचे हे अगदी सोबर आहेत!" ज्या शब्दासाठी भडकशेठनी जिवाचं रान केलं, तो आता रोज मिळतो, प्रत्येक दारात, आणि नेमका पहिल्या अर्थाने. उच्चार तेवढा चुकतो. शेवटचा 'र' वहिनी अजिबात खात नाहीत. असा खणखणीत वाजवतात की समोरच्या घरातली माणसंसुद्धा दार उघडून बघतात!